घरी बसून ऑनलाइन जर्मन शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत जर्मनचे वर्ग भरपूर आहेत. जळगाव, लातूर, सावंतवाडीत ते सहज मिळत नाहीत, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांना मोबाइलवर सगळं शोधावं लागतं. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला जर्मन अजिबात येत नाही. नेमकी सुरुवात कुठून करू?

डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा कोर्स उघडा. तो पूर्ण मोफत आहे. संकेतस्थळावर आहे आणि त्याचं ॲपही आहे. ए१, ए२ आणि बी१ असे त्याचे तीन टप्पे आहेत (स्तरांचा अर्थ प्रश्न ४ मध्ये). स्पेनहून जर्मनीत आलेल्या निको नावाच्या तरुणाची गोष्ट छोट्या चित्रफितींमधून पुढे सरकते. प्रत्येक चित्रफितीला स्वाध्याय, शब्दसूची आणि व्याकरणाचं टिपण जोडलेलं असतं.

रोज एकच पाठ घ्या. चित्रफीत आधी काहीही न वाचता पाहा, मग स्वाध्याय सोडवा आणि शेवटी तीच चित्रफीत मजकुरासह पुन्हा पाहून निकोची वाक्यं मोठ्याने म्हणा. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मग दोन महिन्यांनी 'वाचलेलं कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही' अशी तक्रार येते.

पहिल्या महिन्यात दुसरा कोर्स सुरू करू नका. प्रत्येक कोर्सचा क्रम वेगळा असतो. एकात भूतकाळ आठव्या पाठात येतो, तर दुसऱ्यात विसाव्या. तीन कोर्स एकदम चालू ठेवले की तिन्हींची सुरुवातच तेवढी पुन्हापुन्हा होत राहते.

२. सगळं फुकटात जमेल का? पैसे खर्च करायचेच तर कशावर करू?

वाचणं, ऐकणं, व्याकरण आणि शब्द हे बी१ पर्यंत फुकटात होतं. 'निकोस वेग'खेरीज जर्मनीतल्या लोकशिक्षण केंद्रांच्या संघटनेचं 'फाउ-हा-एस लेर्नपोर्टाल' आहे. त्यावर नावनोंदणी करावी लागते, पण शुल्क नाही. जर्मन भाषा शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूट या संस्थेचं 'डॉइच फ्युअर डिश' हेही मोफत आहे.

बोलणं आणि लिहिणं मात्र दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय सुधारत नाही. हाताशी थोडे पैसे असतील तर ते ॲपच्या वार्षिक वर्गणीवर घालू नका. आठवड्यातून एकदा शिक्षकाबरोबर ३० ते ४५ मिनिटं बोलण्यावर घाला (प्रश्न ९).

३. मराठीतून शिकवणारं काही आहे का? उच्चार देवनागरीत लिहून घेतले तर चालतील ना?

चांगली साधनं बहुतेक इंग्रजीतून किंवा थेट जर्मनमधूनच आहेत. सूचना वाचण्यापुरतं इंग्रजी येत असेल तर अडचण येत नाही. मराठीतून समजावणारे शिक्षक यूट्यूबवर सापडतात. एखादा व्याकरणाचा मुद्दा अडला तर त्यांचा आधार घ्या, कोर्स मात्र वरचाच ठेवा.

देवनागरी पहिल्या आठवड्यापुरती ठीक आहे. त्यानंतर ती बंद करा, कारण काही ध्वनी आपल्या लिपीत बसतच नाहीत. दोन टिंबांचा 'ओ' आणि दोन टिंबांचा 'उ' यांना मराठीत जोड नाही. दुसऱ्यासाठी 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ तेवढे 'ऊ'सारखे गोल करा. तसंच 'ए' म्हणता म्हणता ओठ 'ओ'सारखे केले की पहिला येतो.

काही ठिकाणी मराठीमुळे काम सोपं होतं. जर्मन 'झेड'चा उच्चार 'चमचा'मधल्या च-सारखा असतो, आणि तो आपल्याला आयताच येतो. स्वराआधीच्या 'एस'ला मात्र सांभाळा. तो 'जहाज'मधल्या ज-च्या जवळचा वाटतो, पण ज म्हणताना जीभ वर टेकते आणि जर्मन ध्वनीत ती टेकता कामा नये. 'व्ही' अक्षर बहुतेक जर्मन शब्दांत फ-सारखं उच्चारतात, आणि हा फ दोन ओठांचा नसून खालचा ओठ वरच्या दातांना लावून काढायचा असतो. शंका आली तर 'फोर्वो'वर शब्द टाका, तिथे जर्मन माणसांनी स्वतः म्हटलेले उच्चार ऐकता येतात.

४. ए१, ए२, बी१, बी२ म्हणजे काय? प्रत्येकाला किती वेळ लागतो?

हे युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक चौकटीतले स्तर आहेत. ए१ सर्वांत खालचा आणि सी२ सर्वांत वरचा. ग्योथे इन्स्टिट्यूट ४५ मिनिटांच्या तासिकांत अंदाज देते. शून्यापासून धरून ए१ साठी ८० ते २००, ए२ साठी २०० ते ३५०, बी१ साठी ३५० ते ६५० आणि बी२ साठी ६०० ते ८०० तासिका लागतात.

रोज एक तास खरोखर अभ्यास केलात तर १५० तासिकांचा ए१ चार महिन्यांच्या आत होतो. त्याच वेगाने ६०० तासिका व्हायला सव्वा वर्ष लागतं. 'तीन महिन्यांत बी२' ही जाहिरात दिसली की या आकड्यांशी ताडून पाहा. नोकरी सांभाळून ते शक्य नाही.

५. डेअर, डी, दास काही केल्या लक्षात राहत नाहीत. काही युक्ती?

डेअर, डी, दास हे नामाआधी येणारे, त्याचं लिंग (तो, ती, ते) दाखवणारे शब्द. मराठीतही तीन लिंगं आहेत, त्यामुळे 'वस्तूला लिंग कशाला?' हा गोंधळ आपला होत नाही. अडचण वेगळीच होते. आपण नकळत मराठीचं लिंग तिकडे नेतो. सूर्य आपल्याकडे तो, जर्मनमध्ये ती. टेबल आपल्याकडे ते, तिकडे तो. पुस्तक दोन्हीकडे ते, पण हा निव्वळ योगायोग आहे.

शब्दाच्या शेवटावरून बरंच कळतं. 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' असा शेवट असलेली नामं डी घेतात. लहानपणा दाखवणारा 'शेन' लागला की दास. या नियमांत न बसणारी नामं मात्र पाठच करावी लागतात. नाम लिहून घेताना नेहमी तीन गोष्टी एकत्र लिहा: डेअर-डी-दास, शब्द आणि त्याचं अनेकवचन. निळा, लाल, हिरवा असे तीन रंग ठरवून घेतलेत तर डोळ्यांनाही सवय लागते. नुसता शब्द पाठ करून लिंग 'नंतर बघू' म्हटलं की पुढे विभक्ती आणि विशेषणांचे शेवट सगळेच चुकतात, कारण ते लिंगावरच उभे असतात.

६. कोणता शब्दकोश वापरू? गूगल ट्रान्सलेट पुरेसं नाही का?

झटपट अर्थासाठी 'लिओ' किंवा 'डिक्ट-सीसी', दोन्ही जर्मन-इंग्रजी. ए२ नंतर 'डूडन' किंवा बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा 'डी-डब्ल्यू-डी-एस' हे जर्मन-जर्मन कोश वापरायला लागा. त्यांत लिंग, अनेकवचन, उच्चार आणि खऱ्या मजकुरातली उदाहरणं मिळतात. एखादा शब्द वाक्यात कसा वापरतात ते पाहायला 'लिंग्वी' उपयोगी आहे.

मराठी वाक्य भाषांतर यंत्रात टाकून जर्मन घेण्यात एक ठरलेली चूक होते. आपलं 'तुम्ही' आदरार्थीही असतं आणि अनेकवचनीही. जर्मनमध्ये परक्या माणसाला 'झी' आणि मित्रांच्या घोळक्याला 'इअर' असे दोन वेगळे शब्द आहेत, शिवाय एकट्या मित्राला 'डू'. यंत्र त्यातलं एक स्वतःच निवडतं. कार्यालयाला पाठवलेल्या ईमेलमध्ये मधेच 'डू' आला तर ते उद्धट दिसतं. यंत्राने दिलेल्या मजकुरात हे तीन शब्द आणि त्यांची क्रियापदं आधी तपासा.

७. आंकी लावलं, पण दोन आठवड्यांत रोज शेकडो कार्डं साचली. काय चुकलं?

आंकी हे शब्दकार्डांची ठरावीक अंतराने उजळणी करून घेणारं ॲप मूळ मांडणीत रोज २० नवी कार्डं देतं. प्रत्येक नवं कार्ड पुढच्या दिवसांत अनेकदा परत येतं, त्यामुळे रोजची उजळणी नव्या कार्डांच्या सात-आठ ते दहा पटींपर्यंत जाते. म्हणजे २० नवी घेतली की लवकरच रोज दीडशे-दोनशे. मांडणीत जाऊन नवी कार्डं ७ ते १० वर आणा, साचलेली संपेपर्यंत ती शून्यावर ठेवा.

दुसरं कारण म्हणजे दुसऱ्याने बनवलेला हजारो शब्दांचा तयार गठ्ठा उतरवणं. त्यातले शब्द तुम्ही कुठे ऐकलेलेच नसतात, म्हणून टिकत नाहीत. आजच्या पाठातले आठ शब्द घ्या. कार्डाच्या पुढच्या बाजूला एक छोटं वाक्य लिहून तो शब्द गाळा, मागे शब्द लिंगासह लिहा (प्रश्न ५) आणि उच्चाराचा आवाज जोडा. कोणते शब्द घ्यायचे याचा मापदंड हवा असेल तर ग्योथेच्या संकेतस्थळावरच्या मोफत शब्दसूच्या उतरवा: ए१ ला सुमारे ६५०, ए२ ला १३०० आणि बी१ ला २४०० शब्द.

आंकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनचं ॲप विकत घ्यावं लागतं. आयफोनवर पैसे घालायचे नसतील तर ब्राउझरमधून आंकीवेब वापरा.

८. पाठातलं सगळं कळतं, पण खरे जर्मन लोक बोलले की एकही शब्द पकडता येत नाही. काय करू?

पाठातले आवाज संथ आणि सुटे असतात. खऱ्या बोलण्यात शब्द एकमेकांत मिसळतात, 'हाबन'चं 'हाम' होतं. शिवाय काही क्रियापदांचा तुटलेला तुकडा वाक्याच्या अगदी शेवटी येतो. तो ऐकेपर्यंत अर्थच लागत नाही.

दोन मिनिटांचा तुकडा घ्या, जास्त नको. मजकूर न पाहता दोनदा ऐका. मग मजकुरासह ऐकून जे निसटलं त्याखाली रेघ ओढा. रेघ ओढलेला शब्द तुम्हाला माहीतच नव्हता, की माहीत असून ऐकू आला नाही, हे प्रत्येक वेळी ठरवा. पहिल्यासाठी आंकी आहे. दुसऱ्यासाठी तेच वाक्य बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच्याच वेगाने दहा वेळा म्हणा. स्वतःच्या तोंडातून गेलेलं वाक्य कान ओळखतो.

ए२ साठी यूट्यूबवरचं 'ईझी जर्मन' घ्या. रस्त्यावरच्या मुलाखती असतात आणि खाली जर्मन व इंग्रजी दोन्ही ओळी. बी१ च्या आसपास डॉइचे वेलेचं 'टॉप-टेमा' आणि डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओच्या सोप्या भाषेतल्या साप्ताहिक बातम्या. २०२४ पासून 'टागेसशाउ' या टीव्ही बातमीपत्राच्याही सोप्या भाषेतल्या बातम्या निघतात. डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या अनेक जण ए२ लाच सुरू करून हताश होतात. वाचन संथ असलं तरी भाषा खऱ्या बातम्यांचीच असते, ती बी२ ला ठेवा.

९. गावात जर्मन बोलणारं कोणीच नाही. बोलायचं कोणाशी?

दोन वाटा आहेत. 'टँडेम' किंवा 'हेलोटॉक'वर भाषेची देवाणघेवाण मोफत होते. तिथे इंग्रजी किंवा हिंदी शिकणारे जर्मन जास्त भेटतात, मराठी शिकणारे क्वचित. पहिल्याच संदेशात ठरवून टाका: २० मिनिटं जर्मन, २० मिनिटं दुसरी भाषा, घड्याळ लावून. हे न ठरवल्यास संभाषण सोप्या भाषेकडे, म्हणजे इंग्रजीकडे सरकतं.

दुसरी वाट 'आयटॉकी' किंवा 'प्रेप्ली'वरचे सशुल्क शिक्षक. पहिल्या तासाला सांगा की चुका वाक्य पूर्ण झाल्यावर चॅटमध्ये लिहून द्या. मधे तोडलं तर बोलण्याचा ओघ जातो, आणि काहीच सांगितलं नाही तर तीच चूक पक्की होते. मराठी भाषकांची सर्वांत चिवट चूक क्रियापदाच्या जागेची. आपलं क्रियापद शेवटी बसतं. जर्मन मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागी लागतं, 'उद्या' किंवा 'पुण्यात' वाक्याच्या आरंभी आलं तरी. गौणवाक्यात मात्र ते शेवटी जातं, आणि तिथे आपण इंग्रजी भाषकांपेक्षा लवकर रुळतो.

वेळेचं गणित: जर्मनी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. आपल्या रात्री साडेआठला तिकडे हिवाळ्यात दुपारचे चार आणि उन्हाळ्यात पाच वाजलेले असतात. त्या दोन आठवड्यांत वेळ पुन्हा पक्की करा, हमखास गोंधळ होतो.

१०. लिहिलेलं चॅटजीपीटीकडून तपासून घेतलं तर चालेल का?

चालेल, पण सूचना नीट द्या. नुसतं 'सुधार' म्हटलंत तर ते सगळं नव्याने, तुमच्यापेक्षा दोन स्तर वरच्या भाषेत लिहून देतं आणि तुमची चूक कुठे होती ते दिसतच नाही. असं सांगा: 'मी ए२ चा विद्यार्थी आहे. मजकूर बदलू नकोस. चुकलेल्या जागा क्रमाने दाखव, चुकीचा प्रकार सांग, उत्तर देऊ नकोस.' मग स्वतः दुरुस्त करा आणि पुन्हा दाखवा. नियम समजावताना ही साधनं कधीकधी ठाम आवाजात चुकीचं सांगतात. लिंग आणि अनेकवचन शब्दकोशातच पाहा (प्रश्न ६).

११. दोन टिंबांची अक्षरं टाइप कशी करायची?

मोबाइलवर मूळ अक्षर दाबून धरा, पर्याय वर येतात. विंडोजमध्ये 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' कीबोर्ड जोडा. मग उजवं ऑल्ट दाबून क्यू म्हणजे दोन टिंबांचा 'आ', पी म्हणजे 'ओ', वाय म्हणजे 'उ' आणि एस म्हणजे जोड-एस (ß). जर्मन कीबोर्ड निवडलात तर वाय आणि झेड यांच्या जागा उलटतात, आणि पासवर्ड का चुकतोय ते कळत नाही. काहीच जमलं नाही तर अक्षरापुढे 'ई' आणि जोड-एससाठी दोन एस लिहिणं मान्य आहे. टिंबं नुसती गाळणं मात्र चूक, शब्दच बदलतो.

१२. परीक्षेची तयारी ऑनलाइन होते का? नमुना प्रश्नपत्रिका कुठे मिळतील?

ग्योथेच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्तराचे नमुना संच आवाजासह मोफत आहेत. ते परीक्षेच्या आधी सहा आठवडे तरी उघडा. पहिला संच घड्याळाशिवाय, पुढचे घड्याळ लावून.

ए१ ला ऐकणं सुमारे २० मिनिटं, वाचन २५, लेखन २० आणि गटात बोलणं सुमारे १५. एकूण १०० पैकी ६० गुण हवेत. बी१ ची रचना वेगळी: वाचन ६५ मिनिटं, ऐकणं ४०, लेखन ६० आणि बोलणं सुमारे १५. इथे चारही भाग स्वतंत्र आहेत आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. बी१ च्या ऐकण्यात चारपैकी दोन भाग एकदाच ऐकवतात. घरी सराव करताना आवाज मागे नेण्याची सवय लागलेली असते, तिथेच गुण जातात.

१३. ॲपचं प्रमाणपत्र व्हिसासाठी चालतं का? कोणाला कोणता स्तर लागतो?

ॲपचं किंवा ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र चालत नाही. ग्योथे, टेल्क, ओएसडी, टेस्टडाफ यांसारखी मान्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. पुणे आणि मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात (भारतात ग्योथे इन्स्टिट्यूटचं हेच नाव) ग्योथेच्या परीक्षा होतात. जागा लवकर भरतात, म्हणून तारीख आधी पाहून मग अभ्यासाचं वेळापत्रक आखा.

जोडीदाराकडे जायचं असेल तर साधारणपणे ए१ लागतं, पण जोडीदार ब्लू कार्डधारक (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना असलेला) असेल तर ही अट नाही. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या चान्सनकार्टसाठी (जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्याचा परवाना) किमान ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी. परिचारिकांना मान्यतेसाठी बहुतेक राज्यांत बी२. डॉक्टरांना त्यापुढे सी१ स्तराची वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासाठी करार झाला, तरी त्यातून जाणाऱ्यालाही आपल्या व्यवसायाची भाषेची अट पूर्ण करावीच लागते. प्रमाणपत्र किती जुनं चालेल ते कार्यालयागणिक बदलतं. अर्ज करण्याआधी जर्मन वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी वाचा, एजंटच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

१४. मी अकरावी-बारावीला जर्मन शिकवते. ऑनलाइन वर्गासाठी तयार साहित्य कुठे आहे?

डॉइचे वेलेच्या शिक्षक विभागात धड्यांची कृतिपत्रं मिळतात. 'लर्निंगॲप्स'वर मोफत जोड्या लावा, गाळलेल्या जागा असे सराव तयार करता येतात आणि इतर शिक्षकांचे बदलूनही घेता येतात. अध्यापनाचं स्वतःचं प्रशिक्षण हवं असेल तर ग्योथेची 'डॉइच लेरन लेर्नन' ही मालिका आहे.

४० मुलांच्या वर्गात ऑनलाइन बोलणं घडवायचं तर तिघातिघांच्या ऑनलाइन खोल्या (ब्रेकआउट रूम) करा. प्रत्येक खोलीला एक लेखी काम द्या, उदाहरणार्थ पाच प्रश्न विचारून भरायचा तक्ता. तक्ता नसेल तर खोलीत मराठी गप्पा होतात. चित्रफितींचा दुवा द्या, उतरवून घेतलेली फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. पाठ्यपुस्तकाचं स्कॅन फिरवणं तर कायद्यातच बसत नाही.

१५. बी१ झालं आणि वर्षभर तिथेच अडकलोय. पुढे का सरकत नाही?

बहुधा अजूनही शिकाऊ साहित्यच वापरताय. बी१ नंतर कोर्स कमी आणि खरा मजकूर जास्त हवा. एक विषय निवडा, मोटारी, परिचर्या, स्वयंपाक, काहीही, आणि तीन महिने त्याच विषयाचं जर्मन वाचा-ऐका. एकाच विषयात तेच शब्द परत परत येतात, म्हणून ते टिकतात. आठवड्यातून दोनदा १५० शब्द लिहा आणि तपासून घ्या (प्रश्न १०).

१६. झ्युरिक किंवा म्युनिकला जाणार आहे. तिथली बोली ऑनलाइन शिकू का?

म्युनिकसाठी नको. कार्यालयात, दुकानात प्रमाण जर्मन चालते, बव्हेरियन कानावर पडून कळू लागेल. झ्युरिकला रोजचं बोलणं स्विस जर्मनमध्ये होतं, लिहिणं प्रमाण जर्मनमध्ये. बी१ पर्यंत प्रमाणच शिका, मग स्विस रेडिओ ऐकायला लागा. बोलण्याची घाई नको, तुम्ही प्रमाण जर्मन बोललात तर तिथली माणसं तीत उत्तर देतात. एक फरक आधीच माहीत असू द्या: स्वित्झर्लंडमध्ये जोड-एस वापरतच नाहीत, दोन एस लिहितात.